आप्पांचं पित्त आणि गोव्याची बोट

दौंडात आप्पा भालेरावांना कुणी विचारलं, "काय आप्पा, बरं हाय का?" तर ते स्वतःची तब्येत कधीच सांगत नसत. ते पित्ताची तब्येत सांगत.

"सकाळपास्नं गप हाय," छातीच्या मधोमध तळवा ठेवून, आवाज बारीक करून ते म्हणत. आत कुणी झोपलंय आणि आपल्या बोलण्यानं ते जागं होईल, अशी त्यांना धास्ती असायची.

पित्ताला ते 'सायेब' म्हणत. आप्पा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. उभी नोकरी त्यांनी गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं काढली. त्या नोकरीत त्यांना दोनच गोष्टींची भीती वाटायची. एक म्हणजे न सांगता तपासणीला येणारा साहेब, आणि दुसरी म्हणजे न सांगता घशाशी येणारं पित्त. रिटायर झाल्यावर पहिला साहेब सुटला. मग त्याचं नाव आप्पांनी दुसऱ्याला देऊन टाकलं. "सायेब उठलं," असं म्हणून ते भर गप्पांतून उठून जात आणि दारात उभं राहून थंड दुधाचा पेला घोट घोट पीत. साहेब बसल्याची वर्दी मिळाली की परत येऊन अर्धं वाक्य पुरं करत.

मी तेव्हा दौंडच्या शाळेत नवा मास्तर होतो. लग्न झालेलं नव्हतं. भाड्यानं घेतलेली माझी खोली आप्पांच्या घराला लागून होती. पहिल्याच दिवशी आप्पा दारात आले, "जयभीम मास्तर" म्हणाले आणि लगेच विचारलं, "घरात कुणाला पित्त?"

"नाही."

"व्हईल," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "खानावळीत जेवणार न्हवं तुम्ही?"

त्यांच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी असे. तीत लाह्या, आमसुलं, मोरावळ्याची बरणी आणि धन्याजिऱ्याच्या पाण्याची बाटली. लग्नाला जावोत नाहीतर मयताला, पिशवी बरोबर. जेवण दिवस मावळायच्या आत, आणि तेही पांढरं. भात, दही, ज्वारीची भाकरी, दूध, फार तर दुधी भोपळा. तिखटाला त्यांच्या घरात थारा नव्हता. त्यांची बायको, म्हणजे पारूकाकू, याही तेच जेवत. दोघं समोरासमोर बसून मुकाट्यानं दहीभात खाताना मी कितीदा पाहिलं असेल. मला वाटायचं, काकूंनाही तसंच आवडतं. आप्पांनाही तसंच वाटायचं.

बोटीचं खूळ काढलं ते काकूंनी.

आप्पांना रेल्वेचा पास मिळायचा. दिवाळीनंतर कुठं जायचं, याची चर्चा ओसरीवर चालली होती. आप्पांनी नागपूर सुचवलं, मद्रास सुचवलं. काकू गव्हातले खडे वेचत होत्या. खाली मान घालूनच त्या म्हणाल्या, "जितं रूळ न्हाईत तितं न्या."

"म्हंजी?"

"लगीन झाल्यापास्नं रुळाच्या कडंला ऱ्हातीय. निजताना शिट्टी, उठताना शिट्टी. गावाला जायाचं तरी रुळावरनंच. येकदा तरी रूळ नसलेल्या जागी जाऊ."

आप्पा विचारात पडले. रूळ नसलेली जागा त्यांच्या डोळ्यांपुढं येईना. शेवटी मीच म्हणालो, "मुंबईहून गोव्याला बोट जाते की."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "पाण्यातनं?"

"पाण्यातून. एक दिवस, एक रात्र."

काकूंचा फुललेला चेहरा पाहून आप्पांनी तिथंच छातीवर हात ठेवला. साहेब उठले होते.

त्या दिवसापासून आप्पांची तयारी सुरू झाली. बोटीनं माणसाचं पोट ढवळतं, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. "ज्याला पित्त न्हाई त्याचंबी ढवळतं, मग माझं काय व्हईल, मास्तर?" मी सोबतीला चलावं, असं त्यांनीच ठरवून टाकलं. समुद्रात एक तरी ओळखीचं माणूस पाहिजे म्हणे.

दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, झोपताना डोक्याकडची बाजू उंच ठेवा, म्हणजे वर येणार नाही. आप्पांनी लोखंडी खाटेच्या दोन पायांखाली विटा लावल्या. साहेब खाली राहिले, पण आप्पाही खाली घसरू लागले. सकाळी त्यांचे पाय खाटेच्या दांड्यांमधून बाहेर आलेले असत. काकू सांगायच्या, "रोज उठल्यावर पैल्यांदा ह्यास्नी वर वडून घेती, मग चुलीकडं जाती." हीच व्यवस्था बोटीत कशी करायची, हा आप्पांपुढं मोठा प्रश्न होता. डेकवर खाट नसते, चटई टाकून झोपतात, असं मी सांगितलं, तर ते म्हणाले, "मग इटा आपल्या आपण न्यायच्या."

"इटा घिऊन बोटीत?" काकू म्हणाल्या. "बुडवाल समद्यास्नी!"

लाटांची सवय व्हावी म्हणून आप्पांनी एस.टी. निवडली. दौंड-शिरूर रस्ता तेव्हा असा होता, की मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला समुद्र वेगळा पाहावा लागत नसे. आप्पा काहीतरी खाऊन मुद्दाम शेवटच्या सीटवर बसत, वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत जात आणि समोरून येणाऱ्या गाडीनं परत येत. एकदा दहीभात खाऊन, एकदा नुसत्या लाह्या खाऊन, एकदा उपाशी. कंडक्टर ओळखीचा झाला होता. तिकीट फाडताना विचारायचा, "आज काय टाकलंय, आप्पा?"

"केळं."

"मग हळू घ्यायला सांगू का?"

"न्हाई, न्हाई! हाय तसं जाऊ द्या. समुद्र काय हळू घ्यायचाय?"

सगळ्या चाचण्या पार पडल्या. आप्पांची छाती फुगली. मुंबईला एक जण जाणार होता, त्याच्याकरवी मी बोटीची तिकिटंही काढून आणवली. नेमकं त्याच सुमारास शिरूरहून काकूंच्या भावाचं बोलावणं आलं. त्यानं नवं घर बांधलं होतं, घरभरणीचं जेवण होतं. मलाही आग्रह झाला. आप्पांनी ठरवलं, ही शेवटची चाचणी. स्टँडवर आम्ही गाडीची वाट पाहत असताना ते एकदम भजीच्या गाडीकडे वळले.

"आप्पा, काय करताय?"

"बोटीत काय मिळंल ते खावं लागंल, मास्तर. सायबाला सवय लावाय पायजे."

काकू "आवो, नको" म्हणेपर्यंत त्यांनी मिरचीभजी खाल्ली. एक नव्हे, पानभर.

न्हावऱ्याच्या अलीकडे त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. घाम सुटला, बोलता येईना. नुसता छातीवर हात दाबून धरलेला. मला वाटलं, हृदयाचंच काही आहे.  कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली आणि रस्त्याकडेच्या वस्तीवरून तांब्याभर दूध आणलं. काकूंनी आप्पांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि लेकराला पाजावं तसं घोट घोट दूध पाजलं. सगळी एस.टी. माना वळवून बघत होती. बऱ्याच वेळानं आप्पांना मोठा ढेकर आला, तसा कंडक्टर म्हणाला, "चला, लाईन क्लिअर!" आणि लोक हसले.

आप्पा हसले नाहीत. शिरूरला पोचल्यावर तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. हृदय ठणठणीत होतं, पोटाचाच उपद्व्याप होता. तरी मेहुण्याच्या नव्या घरात घोंगडीवर पडल्या पडल्या आप्पा मला म्हणाले, "मास्तर, तिकिटं माघारी करा. मधी समुद्रात असं झालं, तर दूध कोन आनंल?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "व्हय," त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. जिवापरीस बोट मोठी हाय का?" आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

दुपारी पंगत बसली. आप्पांच्या पुढं दहीभात आला. काकूंच्या भावजयीनं काकूंनाही तेच वाढलं. तेवढ्यात भाऊ आतून हातात खलबत्ताच घेऊन आला. "आगं, आक्काला दहीभात काय वाढती? मिरचीचा ठेचा केलाय, खास तिच्यासाठी. दाजी, तुम्हाला ठावं न्हाई. ही आमच्या मळ्यात हिरवी मिरची अशी काकडीवानी खायाची. रानातनं घरी येईस्तवर पदराचा वटा रिकामा. हितल्या घोडनदीच्या बाजारात मिरची घेताना लोक हिला आदी चावून बघाय लावायचे!"

सगळे हसले. काकू लाजल्या आणि ताटावर आडवा हात धरला. "नको रं. आता सवय न्हाई ऱ्हायली."

आप्पांचा घास हातातच राहिला. ते काकूंकडे बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात आज कुणीतरी त्यांची आणि बायकोची नव्यानं ओळख करून दिली होती.

परतीच्या गाडीत आप्पा मागं बसले नाहीत. आम्ही पुढच्या बाजूला बसलो. मी त्या दोघांच्या मागच्या सीटवर होतो. न्हावरं मागं पडलं. मग आप्पांनी खिडकीबाहेर बघतच विचारलं, "कवा बोलली न्हाईस ती?"

"काय बोलायचं?"

"तिखट आवडतं म्हून. मी काय अडवलं आस्तं व्हय? आपल्यापुरतं करायचं, खायचं."

काकू हसल्या. "तुम्ही येकलेच पांढरं पांढरं जेवत बसनार, आन् मी म्होरं बसून लाल जेवू? घशाखाली उतरलं आस्तं का?" मग जरा थांबून म्हणाल्या, "डब्यात येकलं बसूनच तर जेवला जलमभर. घरी आल्यावर तरी जोडीनं नको?"

 दौंड आलं. उतरून घराच्या वाटेला लागलो, तेव्हा त्यांनी मला मागं ओढलं. "मास्तर, तिकिटं ऱ्हाऊ द्या."

"आणि साहेब?"

"त्येंचं बघू," आप्पा म्हणाले. "त्येंच्यापायी लई जनांनी सोसलं."

आम्ही बोटीवर चढलो तेव्हा भाऊच्या धक्क्यावर नुसता गलबला होता. हमाल, करंड्या, कोंबड्या, कोकणात निघालेल्या बायका. डेकवर चटयांची जागा धरायला लोक पळत होते. आप्पांनी कठड्याजवळची जागा मिळवली. विटा आणल्या नव्हत्या. त्यांच्या जागी गुंडाळलेली घोंगडी होती. भोंगा झाला, तशा काकू दचकल्या. "हितंबी शिट्टी!" पण धक्का मागं पडला आणि सगळीकडे पाणी झालं, तेव्हा त्यांनी कठडा धरला आणि मग कितीतरी वेळ मागं वळून पाहिलं नाही.

खुल्या समुद्रात बोट डोलू लागली. आणि पोट ढवळलं ते माझं. ज्याला आयुष्यात पित्त ठाऊक नव्हतं, तो मी चटईवर आडवा झालो. आप्पा मात्र मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभी हयात हिंदकळलेले. त्यांना त्या डोलण्याचं काहीच वाटेना. उलट ते खुशीत आले. माझ्या तोंडात आमसूल ठेव, लाह्या भरव, कपाळाला ओला रुमाल लाव, असं त्यांचं चाललं होतं. "डोळं झाका आन् गप पडून ऱ्हावा," ते म्हणाले. मी तसाच पडून राहिलो. त्यांना वाटलं, मला झोप लागली.

उन्हं कलली, तेव्हा आप्पा उठून खालच्या उपाहारगृहाकडे गेले. आले ते दोन्ही हातांत एक ताट तोलत. बोट कलायची तसं ते पाय फाकून उभे राहायचे, मग दोन पावलं टाकायचे. ताटात भात होता आणि लालभडक माशाची आमटी. वास माझ्यापर्यंत आला.

"ह्ये कुनाला?" काकूंनी विचारलं.

"तुला. खानसाम्याला सांगितलं, तिखट कर, कुनाची कीव करू नको."

"आन् तुम्ही?"

"माझं हाय की पिशवीत. तू जेव. मी म्होरं बसतो."

काकूंनी इकडंतिकडं पाहिलं. सगळा डेक आपापल्या शिदोरीत गुंतला होता. त्यांनी पहिला घास घेतला आणि ठसका लागला. आप्पा धन्याजिऱ्याच्या पाण्याची बाटली घेऊन अर्धे उठले, पण काकूंनी हातानंच त्यांना बसवलं. दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. मग त्या नीट मांडी घालून बसल्या, पदर खोचला आणि जेवू लागल्या. बोटं चाटत, नाक ओढत, कुणाशी काही न बोलता. काकूंना असं जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आप्पा बघत होते. मग त्यांनी ताटातला माशाचा मोठा तुकडा आपल्याकडे ओढला आणि काटे काढू लागले. गार्डाचे ते जाड, राठ हात. कधी निशाण धरलेले, कधी दिवा धरलेले. त्यांना तो बारीक काटा काही केल्या सापडेना. सापडला की ते तो उजेडाकडे धरून बघायचे आणि ताटाच्या कडेला ठेवायचे.

काकू माहेरच्या घोडनदीतले काटेरी मासे खाऊन वाढलेल्या. तेवढ्या वेळात त्यांनी चार तुकडे काटे काढून खाल्ले असते. पण त्यांनी हात आवरला आणि आप्पांचं होईपर्यंत थांबून राहिल्या.