मालक काढता येणार नाही

रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरचे घरमालक आले ते थेट पलंगाखाली वाकले.

"शेळी कुठंय?" त्यांनी तिथूनच विचारलं.

प्रोग्रॅमर दात घासत होता. तोंडात फेस असल्यामुळे त्याला उत्तर देता आलं नाही, आणि फेस नसता तरी देता आलं नसतं. घरमालकांनी मग कपाट उघडलं, मोरीतली बादली उपडी करून पाहिली आणि ओट्याखाली टॉर्च मारला.

"कासव नाही, ससे नाहीत, मांजर नाही, कुत्रा भुंकतसुद्धा नाही. कमाल आहे! सहा जनावरं ठेवलीत आणि घरात एक केस सापडेल तर शपथ."

"अहो, घरात एकही जनावर नाही," प्रोग्रॅमरची आई म्हणाली.

"बाई, मला शिकवू नका. काल जनावरांच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. नाव तुमच्या चिरंजीवांचं, पत्ता माझा आणि खाली सहा जनावरं! करारात काय लिहिलंय? प्राणी पाळायचे नाहीत. पुढच्या रविवारी मी पुन्हा तिथे जाणार. यांचं नाव तोपर्यंत पुसलेलं नसलं, तर सामान बांधायचं."

आणि जाता जाता त्यांनी सवयीप्रमाणे मायलेकरांच्या डोक्यावरचा दिवा बंद केला.

हे घर जाणं म्हणजे चेष्टा नव्हती. वर्षभर चपला झिजवल्यावर तळमजल्यावरचं हे एकच घर मिळालं होतं, आणि आईचे गुडघे जिना नुसता दिसला तरी कुरकुरायचे. बरं, दोष तरी कुणाला द्यायचा? दवाखान्याची ती सिस्टीम प्रोग्रॅमरनेच बनवली होती.

त्यात दोन तक्ते होते. एक मालकांचा, एक प्राण्यांचा. प्रत्येक प्राण्यापुढे त्याच्या मालकाचा नंबर, आणि तो नंबर मालकांच्या तक्त्यात असलाच पाहिजे. नसला तर प्राण्याची नोंद नाही. आणि मालकाच्या नावावर एक जरी प्राणी उरला असेल, तरी मालकाला पुसता येणार नाही. या बंधनाला त्याच्या धंद्यात फॉरेन की म्हणतात. नाव परदेशी, पण वृत्ती थेट खाष्ट सासूची: तू कुणाचा ते आधी सांग, मग उंबरा ओलांड.

काउंटरवरच्या काकूंनी पहिल्याच दिवशी शंका काढली होती, "आणि एखादं बेवारस आलं तर हो?"

"काकू, बेवारस नोंद म्हणजे घाण," प्रोग्रॅमरने छाती पुढे काढून सांगितलं होतं. "माझ्या सिस्टीममध्ये कुणीही बेवारस राहणार नाही."

सोमवारी तो दवाखान्यात पोचला तेव्हा त्या छातीतली बरीच हवा गेली होती.

"काकू, हे काय करून ठेवलंत?"

"मी कुठे काय केलं? एका माणसाने गाडीखाली आलेलं मांजर आणून ठेवलं आणि तो निघून गेला. तुमचं मशीन म्हणतं, मालक निवडा. सगळ्यात वर तुमचं नाव. निवडलं. मग कुत्रा आला, शेळी आली..."

"अहो, ते नाव मी चाचणीसाठी टाकलं होतं!"

"मग पुसायचं की. तुम्हीच म्हणालात कुणी बेवारस राहणार नाही. नाही राहिलं."

"बरं, एक खोटा मालक टाकू आणि सगळे त्याच्या नावावर करू."

"टाका. पण नवीन मालकाच्या फोनवर कोड जातो आणि तो सांगितल्याशिवाय नोंद होत नाही. कुणाची अक्कल म्हणे ही?"

"माझी," प्रोग्रॅमर म्हणाला.

बंधनच सैल केलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. पण ज्या बंधनावर डॉक्टरांपुढे तासभर भाषण ठोकलं, तेच आता काढायचं म्हणजे आपलेच दात आपल्या घशात घालून घेणं. तेव्हा मार्ग एकच उरला. सहा प्राण्यांना सहा खरे मालक शोधायचे.

संध्याकाळी त्याने आईला सगळं सांगितलं. ती मुळीच दचकली नाही.

"मांजर ना? एका डोळ्याचं. कालपासून खायला लागलंय."

"तुला काय माहीत?"

"अरे, रोज निरोप येतो मला. 'आपला प्राणी आपली वाट पाहत आहे.' असं वाचल्यावर माणूस घरी बसेल का? मी जाते दुपारची."

चाचणीच्या वेळी प्रोग्रॅमरने फोन नंबर आईचा टाकला होता. तो कपाळाला हात लावून बसला.

"आणि घरमालकांना म्हणालीस की एकही जनावर नाही!"

"घरात नाही, असं म्हणाले. खोटं कुठे बोलले?"

मग मात्र आईने पदर खोचला. नव्या गावात तिला कुणी ओळखत नाही म्हणून मुलगा हळहळायचा, आणि इकडे दवाखान्याच्या बाकड्यावर बसून तिने निम्मं गाव ओळखीचं करून ठेवलं होतं. शेळी शाळेच्या माळ्याने नेली, कारण त्याचं गवत कापायचं यंत्र बिघडलं होतं. दोन ससे जुळ्या बहिणींकडे गेले, म्हणजे भांडणाचा प्रश्नच मिटला. कासव घड्याळजीने घेतलं. दिवसभर टिकटिक ऐकून त्याला घाई नसलेलं कुणीतरी हवं होतं. कुत्रा पहारेकऱ्याने मागून नेला, कारण त्याला रात्री झोपायचं होतं.

राहिलं मांजर. त्याला न्यायला कुणी आलं की आई त्याचे दुर्गुण सांगायची. ओरबाडतं, दूध सांडतं, एका डोळ्याने रोखून बघतं. येणारा माणूस परत जायचा आणि मांजर आईच्या मांडीवर परत झोपायचं. शेवटी शनिवारी काकूंनीच ते दवाखान्यात मोकळं राहू दे म्हणून आपल्या नावावर करून घेतलं. आईने ते काकूंच्या हातात दिलं आणि घरी येऊन ताट तसंच बाजूला सारलं. प्रोग्रॅमरलाही जेवण गेलं नाही. पण सहा पिंजरे रिकामे झाले होते, घर वाचलं होतं, आणि यादी पुन्हा उघडून बघायची त्याला काही गरज वाटली नाही.

रविवारी घरमालक दवाखान्यात आले. बरोबर घरमालकीणबाई आणि त्यांच्या हातात झाकलेला पिंजरा. पोपटाचं औषध संपलं होतं.

"बघा," प्रोग्रॅमर ऐटीत म्हणाला, "तुमच्यासमोर पुसतो," आणि त्याने बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली: 'मालक काढता येणार नाही. या मालकावर एक प्राणी अवलंबून आहे.'

"सापडला!" घरमालक ओरडले. "बघितलंस? अजून एक लपवलंय! कुठलं जनावर आहे? वाचा मोठ्याने!"

काकूंनी चष्मा लावला. "पोपट. हिरवा. तक्रार: पिसं उपटतो आणि दिवसभर एकच वाक्य बोलतो."

"लाइट बंद करा!" पिंजऱ्यातून आवाज आला.

काकूंनी चष्मा काढला. मग त्यांनी घरमालकांना खुलासा केला. "त्या दिवशी तुम्ही कोड सांगायला तयार नव्हतात. ब्रह्मदेव आला तरी सांगणार नाही म्हणालात. मग मी पत्ता टाकून बघितला, तर तुमच्याच पत्त्यावर एक मालक निघाला. म्हटलं घरातलेच असतील, लावून टाकलं. तुम्हाला सांगतही होते, पण तुम्ही शेळीवरून ओरडत होतात."

प्रोग्रॅमरने आईकडे पाहिलं. "तुला निरोप आला असेल ना याचा?"

"आला होता की."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सहा म्हणालास. शिकलेला मुलगा, तुझं गणित मी कशाला चुकवू?" आणि आई घरमालकांकडे वळली. "नाव काही गेलं नाही, तेव्हा आम्ही सामान बांधतो. पिंजरा द्या इकडे. तुमच्याच डोळ्यांनी बघा, आमचाच आहे तो."

घरमालकीणबाईंनी पिंजरा छातीशी धरला. "कुणी कुठे जाणार नाही! पोपटही नाही आणि भाडेकरूही नाही."

"अगं, पण करारात प्राणी..."

"मग इतकी वर्षं आपण काय पाळलंय, फ्रीज?"

घरमालकांनी औषधाचे पैसे काढले. औषध घेऊन ते निघाले, तेव्हा दारातला दिवा बंद करायलासुद्धा विसरले. पोपटाने आठवण करून दिली, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

"काकू," आई हळूच म्हणाली, "ते मांजर पुन्हा आमच्याकडे लावता येईल का?"

काकूंनी प्रोग्रॅमरकडे पाहिलं. तो खुर्चीवर बसला, यादी उघडली आणि मांजरापुढे स्वतःचा नंबर स्वतःच्या हाताने टाकला. क्षणभरात आईच्या पिशवीत फोन वाजला. तिने तो काढून वाचला आणि मांजराला आणायला आत गेली.