एका विमानाला शाल

दत्ताकाका मोहित्यांच्या गाडीत स्टेपनी नव्हती. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात शाली होत्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलेल्या, एकावर एक नीट रचलेल्या. लोक भारतातून येताना लोणची आणि मसाले आणतात, काका साताऱ्याहून शाली आणत. हीथ्रोवरच्या कस्टमवाल्यानं एकदा विचारलं की एवढ्या शाली कशाला, दुकान आहे का तुमचं. काका म्हणाले, "नो नो. पीपल आर रिटायरिंग."

काकांना हे पटतच नसे की एखादा माणूस वर्षानुवर्षं एक काम करतो आणि एके दिवशी नुसता घरी जातो. त्याला शाल हवी, श्रीफळ हवं आणि कोणीतरी त्याच्याबद्दल चार शब्द बोलायला हवेत. "रीतसर झालं पाहिजे," हे त्यांचं पालुपद. चहासुद्धा त्यांना रीतसर लागायचा, म्हणजे उकळलेला. मगात पिशवी बुडवून दिलेल्या चहाला ते 'अर्धवट आंघोळ' म्हणत.

नवरा मंदार आणि मी नागपूरहून इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला आलो आणि काकांच्या समोरच्या घरात राहायला लागलो. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना भर रस्त्यात पाहिलं. शाळेसमोर पिवळा कोट घालून, हातात गोल पाटीचा दांडा धरून मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या मॉरीनबाईंचा तो शेवटचा दिवस होता. त्यांनी दांडा उभा करून दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवल्या, मुलं पलीकडे गेली, आणि काका मध्ये आले. त्यांनी मॉरीनबाईंना शाल पांघरली, दांडा नसलेल्या हातात नारळ दिला आणि बोलायला सुरुवात केली. काकांचे चार शब्द म्हणजे पंधरा मिनिटं. इंग्रज माणूस अशा वेळी हॉर्न वाजवत नाही, नुसता घड्याळाकडे बघतो. त्या सकाळी आमच्या रस्त्यावर पुष्कळ घड्याळं बघितली गेली. मॉरीनबाई मात्र रडत होत्या, आणि दांडा खाली घ्यायचं विसरल्या होत्या.

आम्ही येण्याआधी पोस्टमनचा सत्कार झाला होता असं कळलं. मग दूधवाला, मग काकांचा दातांचा डॉक्टर. डॉक्टरच्या वेळी काकांचा अर्धा जबडा बधिर होता, तरी भाषण झालं.

एकदा मी आणि काका नारळ आणायला जवळच्या रीडिंग शहरात निघालो होतो. मोटरवेवर टायर बसला. स्टेपनी नाहीच. आम्ही कडेला थंडीत कुडकुडत उभे. तासाभरानं मदतीची गाडी आली. तिचा म्हातारा ड्रायव्हर आमची गाडी वर ओढता ओढता सहज म्हणाला की आपला हा शेवटचा महिना आहे. काकांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं आणि डिकी उघडली.

"बघ मेधा," परतताना ते म्हणाले, "स्टेपनी असती, तर या माणसाचं राहून गेलं असतं."

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे मला त्या दिवशी कळलं. डिकीत सगळ्यात खाली एक डाळिंबी रंगाची, जरीकाठाची शाल होती, तीही मला त्याच दिवशी दिसली. मी म्हटलं, ही किती सुंदर आहे, ही द्या ना त्याला. काका म्हणाले, "ती नाही. ती वेगळी आहे," आणि वरची करड्या रंगाची काढली.

स्वतः काका एका कॉम्प्युटर कंपनीत होते आणि लवकर रिटायर झाले, एवढंच आम्हाला माहीत होतं. "वेळेत सुटलो," असं ते म्हणायचे. आम्ही त्यावर विश्वास ठेवला. काका कशातून सुटतील असा माणूस वाटत नव्हते, पण तरी ठेवला.

काकांच्या शेजारी ग्रॅहम राहायचा. ग्रॅहम मूळचा न्यूझीलंडचा. तिकडच्या हवाई दलात तो लढाऊ विमानांचा फिटर होता, मग लिंडा नावाच्या इंग्रज नर्सशी लग्न करून इकडे आला आणि बॉयलर दुरुस्त करायला लागला. मोठा अबोल माणूस. काका कुंपणावरून अर्धा तास बोलत आणि ग्रॅहम शेवटी म्हणे, "राइट यू आर, डट्टा." दोघांचं छान जमायचं.

२००१ सालच्या हिवाळ्यात न्यूझीलंडनं आपलं लढाऊ विमानदल बंद केलं. म्हणजे एखादं-दुसरं विमान नव्हे, लढाऊ जेट म्हणून जेवढी होती तेवढी सगळी. विमानं शेडमध्ये गेली, वैमानिक नोकरी शोधायला दुसऱ्या देशांत गेले. मंदारनं ते वर्तमानपत्रात वाचलं आणि म्हणाला, बरं झालं, जगात तेवढीच शांतता. मीही मान हलवली.

काका मात्र तावातावानं आमच्याकडे आले. "शांतता ठीक आहे," ते म्हणाले. "पण ग्रॅहमच्या स्क्वाड्रनचा सेंड-ऑफ झाला तिकडे, आणि हा इकडे कोणाचा तरी बॉयलर खोलून बसलेला. लिंडा आमच्या हिला सांगत होती, जेवत नाही, गॅरेजमध्ये जाऊन नुसता बसतो. काल मी कुंपणावरून पाऊण तास बोललो, तर 'राइट यू आर'सुद्धा म्हणाला नाही."

"मग काय करायचं?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

"विमानाचा निरोप समारंभ. आपल्या मंडळात. रीतसर."

मराठी मंडळाच्या अध्यक्षा सुनीताताई कसलेल्या बाई. त्या म्हणाल्या, "अहो काका, त्यांच्या सरकारनं त्यांना नारळ दिलाच आहे, आता तुम्ही आणखी कशाला देता?" सगळे हसले. काका हसले नाहीत. ते खुर्चीवरून उठलेही नाहीत. शेवटी कार्यक्रमपत्रिकेत बालगोपाळांची गाणी आणि मिसळ यांच्या मध्ये एक ओळ आली: न्यूझीलंडच्या लढाऊ विमानदलास निरोप. ज्यांना त्यात रस नव्हता त्यांनाही मिसळीसाठी थांबणं भाग होतं. काकांनी जागा विचार करूनच मागितली होती.

आता सत्कार करायचा तर सत्कारमूर्ती हवी. काका म्हणाले, विमानाचा मोठा फोटो लावू आणि हार घालू. शैलाकाकू एरवी नवऱ्याच्या भानगडीत पडत नसत, पण इथे पडल्या. "फोटोला हार घातला की माणूस गेला असं समजतात," त्या म्हणाल्या. "तो बिचारा आणखीच गॅरेजमध्ये जाऊन बसेल." काकांना ते पटलं. निवृत्त वेगळं आणि कैलासवासी वेगळं, हे त्यांनी मान्य केलं. मग प्लॅस्टिकच्या मॉडेलचा खोका आला आणि मंदारनं दोन वीकेंड आमच्या डायनिंग टेबलावर ग्रॅहमच्या दलातलं स्कायहॉक विमान चिकटवलं. त्या गोंदाचा डाग आमच्या टेबलावर अजून आहे.

आमंत्रण द्यायला काकांबरोबर मी गेले. ग्रॅहमनं सगळं ऐकून घेतलं, मग मला बाजूला घेऊन विचारलं, हा माझी चेष्टा तर करत नाही ना? मी म्हटलं, तो तुमच्या विमानासाठी नारळ कानाशी हलवून निवडतोय. ग्रॅहमनं थोडा विचार केला आणि काय घालून यायचं ते विचारलं.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये ग्रॅहम लग्नातला सूट घालून लिंडाबरोबर पहिल्या रांगेत बसला. इथेच जन्मलेली नेहा सूत्रसंचालन करत होती. तिनं जाहीर केलं, "आता ग्रॅहम अंकल येणार आहे. त्याचा विमान बंद झाला आहे, सो वी आर व्हेरी सॅड, मग मिसळ आहे." काकांनी स्टेजवरच्या विमानाला शाल पांघरली. शाल माणसाच्या मापाची, विमान हातभर. ते पार झाकलं गेलं, नुसतं नाक बाहेर. मागून उशिरा आलेल्या एका आजी सरळ पुढे आल्या, त्याच्यासमोर फूल ठेवलं, हात जोडले आणि जागेवर जाऊन बसल्या. त्यांना कोणी काही सांगितलं नाही.

मग काका बोलले. मी त्यांची बरीच भाषणं ऐकली आहेत, पण हे सगळ्यांत उत्तम. "धिस एअरक्राफ्ट," ते म्हणाले, "तीसेक वर्षं नोकरीत होतं. लढाऊ विमान असून आयुष्यात एक लढाई केली नाही. रोज सकाळी तयार राहिलं, कोणाशी भांडलं नाही आणि सांगितलं तेव्हा निमूट घरी गेलं. असा एक माणूस मला आपल्या मंडळात दाखवा." सुनीताताईंसकट सगळा हॉल हसला. काकांनी ते ग्रॅहमसाठी इंग्रजीत सांगितलं, तेव्हा तोही हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा एकदम वाकडा झाला. काकांनी त्याला वर बोलावून दुसरी शाल पांघरली, हातात नारळ दिला, आणि लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. मला वाटलं होतं लोक मिसळीसाठी उठले आहेत. तसं नव्हतं.

ग्रॅहम बोलेल असं कोणाला वाटलं नव्हतं. तो बोलला. म्हणाला, थंडीत पहाटे त्या विमानांचा पत्रा इतका गार असायचा की हात चिकटायचे, आणि आम्ही फिटर लोक त्यांच्याशी बोलायचो, वेड्यासारखे. तिकडच्या सेंड-ऑफला आपल्याला जाता आलं नाही, पण आता आपलं झालं. मग त्यानं नारळ टेबलावर ठेवला आणि म्हणाला, आणखी एक सांगायचं आहे.

"काही वर्षांपूर्वी डट्टा एका सकाळी दहा वाजता घरी परत आला. मी बाहेर व्हॅन धूत होतो. ऑफिसच्या गेटला त्याचं कार्ड लागलं नव्हतं. सगळं डिपार्टमेंटच बंद झालं होतं. सिक्युरिटीवाल्यानं फाटकातूनच परत पाठवलं, आणि त्याचं सामान पुढच्या आठवड्यात कुरिअरनं आलं. आयुष्य घातलं त्यानं तिथे. एक माणूस त्याच्याशी दोन शब्द बोलला नाही. त्याच महिन्यात त्यानं पोस्टमनला शाल घातली." ग्रॅहम काकांकडे वळला. "तुझं कोणी केलं, डट्टा?"

दत्ताकाका टेबलावरच्या नारळाकडे बघत उभे होते. ग्रॅहम खांद्यावरची शाल काढून त्यांना घालायला गेला तसे ते मागे सरकले. "नो, नो," ते पुटपुटले, "दिलेली शाल परत घेत नाहीत. रीतसर नाही ते."

काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"सगळ्यात खालची आण," त्या म्हणाल्या.

मी पार्किंगमध्ये पळत गेले आणि पळत आले. ग्रॅहमनं पिशवी फाडून ती डाळिंबी शाल काकांच्या खांद्यावर घातली. उलटी घातली. जर आतल्या बाजूला गेली. काकूंनी वर जाऊन ती सुलटी केली, आणि ग्रॅहमनं चार शब्द बोलायला घेतले. तो अबोल माणूस किती वेळ बोलला म्हणता. काकांनी त्याला मिळवून दिलेलं आमच्या बॉयलरचं काम, पडलेलं कुंपण, लिंडाच्या आजारपणात रोज येणारा डबा, सगळं बोलला. मिसळीची तर्री गार झाली तरी कोणी उठलं नाही.

परतताना काकू गाडी चालवत होत्या. मागे मंदार आणि मी, माझ्या मांडीवर विमान. काकांनी सीटबेल्ट शालीवरून न घेता खालून घेतला होता, घडी मोडू नये म्हणून.

"आता तरी स्टेपनी ठेवा," काकू म्हणाल्या.

"आणि शाली कुठे ठेवू? लायब्ररीतली बाई पुढच्या महिन्यात रिटायर होतेय."

तीन राउंडअबाउट मागे गेले.

"ग्रॅहमचं जरा लांबलं," काका म्हणाले.

"हो ना," काकू म्हणाल्या.

"आडनाव पण चुकवलं. मोहायटी म्हणत होता."

"हो, ऐकलं मी."

काकांनी शालीचा काठ बोटांनी चाचपून पाहिला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

"पण रीतसर झालं," ते म्हणाले.