हुंकारासाठी सोडलेली जागा

समोरच्या माणसाने ‘हं’ म्हटल्याखेरीज मोरेकाका पुढचे वाक्य बोलत नसत. नाशिकच्या द्वारका चौकात भाजीवाल्याला ते म्हणत, “मला वांगी हवी आहेत,” आणि थांबत. मागे गिऱ्हाइके खोळंबत. शेवटी भाजीवालाच वैतागे, “हं, बोला साहेब, हं.” मग काका प्रसन्नपणे सांगत, “अर्धा किलो.”

ते मोरे नव्हते. मोरेल होते, आणि अस्सल फ्रेंच होते. गंगापूर रोडवरच्या आमच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या आडनावातला ‘ल’ पहिल्याच आठवड्यात गाळून टाकला होता. पॅरिसच्या एका रेडिओ केंद्रावर त्यांनी अनेक वर्षे गोष्टी सांगितल्या. कुसुमकाकू मूळच्या नाशिकच्या. हुंकार देणारे कोणी नसेल तर गोष्ट सांगू नये, हे त्यांनीच नवऱ्याला शिकवले आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून प्रत्येक विरामात त्या हळूच ‘हं’ म्हणू लागल्या. वरिष्ठांनी फर्मावले, “बाईंना बाहेर बसवा.” काकांनी कार्यक्रमच सोडला.

“चांगली नोकरी घालवलीत,” काकू अधूनमधून सुनावत.

“हं,” काका म्हणत.

मी तेव्हा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करीत होते. ‘हं’ या उद्गारातून काहीही माहिती मिळत नाही, हे मी एकदा त्यांना मुद्देसूद समजावले. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, “पण मघापासून तू माझ्या प्रत्येक ‘हं’साठी थांबते आहेस, शास्त्रज्ञबाई.”

पुढे काकूंना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, डावा हात तेवढा हलत राहिला. त्याच सुमारास पॅरिसहून निरोप आला: एक गोष्ट कॅसेटवर पाठवा, पसंत पडली तर कार्यक्रम पुन्हा सुरू करू, मात्र दुसरा आवाज नको. काका दाढी करताना आरशाला गोष्ट सांगू लागले. मी टेपरेकॉर्डर आणला, खिडक्यांवर गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला. काकू खाटेवर होत्या. त्यांच्याकडून व्यत्यय संभवत नाही, असे मी गृहीत धरले.

ध्वनिमुद्रण झाल्यावर माझ्या घरी कॅसेट ऐकताना फ्रेंच गोष्टीतले मला काही कळले नाही; विराम मात्र कळले. प्रत्येक विरामात एक बारीक ‘टक्’ होते. काकूंची बांगडी, खाटेच्या लोखंडी दांडीवर.

“पुन्हा करू या,” मी काकांना म्हटले. “त्या वेळेपुरती बांगडी काढून ठेवू.”

“तिला जरा बरे वाटू दे,” ते म्हणाले.

काकूंना बरे वाटलेच नाही. त्या गेल्यावर काही दिवसांनी मी भीतभीतच विषय काढला. “काका, कॅसेट अजूनही पाठवता येईल. विराम वगळून मी ती दुसऱ्या कॅसेटवर उतरवून देते.”

“काही वगळायचेच असेल, तर माझे बोलणे वगळ,” ते म्हणाले, आणि थांबले.

मी ‘हं’ म्हटले. पुढे ते काहीच बोलले नाहीत.