कौलांवरचे हिराजीकाका

हिराजीकाका जमिनीवर बोलत नसत. कौलांवर चढले की थांबत नसत.

ही अतिशयोक्ती नाही. मी मुळात अतिशयोक्ती करणारा माणूस आहे, हे आमच्या गावात कोणीही सांगेल. पण काकांच्या बाबतीत मला ती कधी करावीच लागली नाही. बांधावर भेटले की विचारावं, "काका, भात कसं आहे यंदा?" तर मान हलायची. "वाल पेरले का?" पुन्हा मान. पेणच्या बाजारात वालाची गोणी घेऊन बसायचे, तेव्हा भावही बोटांनीच दाखवायचे. गिऱ्हाइकाने घासाघीस केली की एक बोट वाढायचं.

आमचं गाव गागोद्याच्या अलीकडचं. पावसाळ्यात भात, हिवाळ्यात वाल, हे सगळ्यांचंच. काकांचा जोडधंदा मात्र मे महिन्यातला: घरं शाकारायची. छपरावरची कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची आणि सगळं पुन्हा असं रचायचं की पुढे चार महिने घरात पातेली मांडायला लागू नयेत. प्रत्येक कौल काका बोटाच्या पेराने वाजवून बघत. खणखणीत आवाज आला तर ते वर, बद्द आला तर खाली.

खाली चांगुणाकाकी असायच्या. काकींना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. शेतात, बाजारात, कामावर, कुठेही ही दोघं एकमेकांना सोडून दिसायची नाहीत. काकी खालून कौल भिरकावायच्या, काका वरून झेलायचे आणि पाठ फिरवून कामाला लागायचे. कौल कधी फुटलं नाही. आणि पाठ फिरली रे फिरली की काकांचं तोंड सुटायचं.

"वैनी गो! आमटी करपली! मला वर वास आला, तुला खाली येत नाय?"

ही वैनी म्हणजे माझी आई. कौलं काढल्यावर काकांना वरून अख्खं स्वयंपाकघर दिसायचं आणि शेजारच्या तीन परसांतलं सगळंच. कोणाची मेथी वाळली, कोणाची म्हैस सुटली, कोणाचे पाहुणे पाणंदीत शिरले आणि आता चहाला साखर आहे का, हे सगळं काका आढ्यावरून जाहीर करायचे. त्या महिन्यात आमच्या गावात वर्तमानपत्र उघडण्याची कोणाला गरज पडायची नाही.

माझे वडील मास्तर. विडी सोडून तीन वर्षं झाल्याचं ते आईला आणि सगळ्या शाळेला सांगत.

"मास्तर!" एकदा वरून आवाज आला. "न्हाणीच्या मागे धूर कसला हो? कायतरी पेटलंय बघा!"

आई बादली घेऊन धावली आणि न बघता ओतून मोकळी झाली. वडील न्हाणीमागून बाहेर आले ते डोक्यापासून पायापर्यंत ओले आणि तोंडात विझलेला पुरावा. वर काका शांतपणे कौल वाजवत होते. "विझलं गो वैनी. घाबरू नको."

मी एकदा चहा द्यायला शिडीवर चढलो होतो, तेव्हा विचारलं, "काका, खाली का नाही बोलत?"

"खाली माणसं असतात," काका म्हणाले आणि फुर्रकन चहा ओढला.

माझी बहीण रोह्याजवळच्या अष्टमी गावात दिलेली. तिचं घर शाकारायला मी दोघांना एस.टी.ने घेऊन गेलो. पेण ते रोहा काका एकच वाक्य बोलले, तेही कंडक्टरने तीनदा विचारल्यावर: "तीन रोहा." काकी खिडकीशी, काका त्यांच्या शेजारी, मी मागे. मला वाटलं, परक्या गल्लीत आज काही गंमत नाही. पण छपरावर जाऊन अर्धा तास झाला नाही, तोच शेजारचे कासमभाई अंगणात येऊन विचारत होते, "वर कोण हाय? माझ्या बायकोला बिर्याणीत काय कमी पडलं ते सांगतोय!" संध्याकाळपर्यंत कासमभाईंचंही छप्पर काकांकडेच आलं.

मग डोलवीकडे कंपनी आली, गावातली पोरं शिफ्टला जाऊ लागली आणि एकेक घर स्लॅबचं झालं. लोकांना आनंद, मला धास्ती. स्लॅब कोण शाकारतो? दर मे महिन्यात काकांचं बोलणं एकेका घराने कमी होत गेलं. शेवटी गावात कौलारू घर राहिलं फक्त आमचं. वाशांना वाळवी लागली होती, बायको रोज वर बोट दाखवून माझ्याकडे बघायची. तरी मी दोन वर्षं रेटली. एका माणसाची वाचा माझ्या छपरावर टिकून आहे, असा माझा समज होता. तिसऱ्या वर्षी एक वासा खाली आला, तो माझ्या पलंगावर. सुदैवाने मी पारावर गोष्ट रंगवत होतो.

"आता तूच जाऊन सांग त्यांना," बायको म्हणाली.

गेलो. दुपारची वेळ. दोघं परसात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी केळीशी थबकलो, कारण काकांचे हात चालले होते आणि ते शेंगांवर नव्हते. त्यांनी आधी हवेत एक पोट काढलं, गोल. मग एका बोटाने नसलेला चष्मा वर सरकवला. मग दोन तळव्यांत छोटासा मासा धरला, तो हातभर केला, मग दोन हात लांब केला, मग म्हशीएवढा. काकी आवाज न करता इतक्या हसत होत्या, की मांडीवरचं सूप उपडं झालं.

मासा माझा होता. पोटही माझंच. ती गोष्ट मी गेल्या आठवड्यातच पारावर सांगितली होती.

काकींनी मला पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. मी कसंबसं म्हणालो, "काका, यंदा स्लॅब घालतोय."

काकांनी आधी काकींकडे वळून तळहात सपाट केला. काकींनी हातांनीच काहीतरी विचारलं. मग काका जमिनीवर, माझ्यासमोर, तोंडाने बोलले.

"घाल. बरं झालं. हिला आता उन्हात उभं राहवत नाय. तू बोलावतोस म्हणून चढत होतो."

"पण मग तुम्ही बोलणार कुठे?"

काकांनी माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघितलं. "बोलायला मला छप्पर लागतं व्हय? अरे, ही समोर असली आणि मी दुसऱ्याशी तोंड हलवलं, की ही नुसती तोंडाकडे बघत राहते. काय चाललंय, हिच्याबद्दल हाय का, कायपण कळत नाय हिला. लग्नाच्या पहिल्या वर्षी बघितलं हिचं तसं झालेलं तोंड. तेव्हापासून नाय बोललो. वर असलो की हिला माझी पाठ दिसते. तेवढंच बोलून घ्यायचो."

एवढं बोलून काका एकदम थांबले. काकी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"थांब जरा," काका मला म्हणाले आणि तिच्याकडे वळून बसले. स्लॅब, वासा, ऊन, माझा प्रश्न, आपलं उत्तर, सगळं त्यांनी पहिल्यापासून हातांनी तिला सांगायला घेतलं. एकही शब्द न गाळता.

मी खाली सांडलेल्या शेंगा गोळा करत बसलो. बराच वेळ लागणार होता.