शंभर म्हणजे चौसष्ट

नगरपरिषदेने सगळ्यांच्या वयाआधी शून्य लावलं, त्या सोमवारी नगराच्या लेखी शालन कुदळे उरल्या नाहीत आणि त्यांचे यजमान दिगंबरराव चौदा वर्षांनी लहान झाले.

शून्याचं कारण साधं होतं. नगरातल्या तानूबाई शंभराच्या झाल्या, त्यांच्या तीन अंकांनी वयाचा रकाना वाकडा दिसू लागला आणि मुख्याधिकाऱ्यांना वाकडं काही खपत नसे, म्हणून त्यांनी बाकी सगळ्यांचे आकडेही पुढे शून्य लावून तीन अंकी केले. नगर चालतं संगणकाच्या सी भाषेतल्या प्रोग्रॅमवर. प्रत्येकाचं वय त्यातच लिहिलेलं असतं, आणि तिथे जे होतं ते माणसाला होतं. सी भाषेत शून्याने सुरू होणारा आकडा आठाआठाने मोजतात. सात हा तिथला शेवटचा अंक. आठ आणि नऊ नाहीतच. दिगंबररावांचे पंचाहत्तर, म्हणजे सात आठे छप्पन्न आणि वर पाच, एकसष्ट झाले. शालनबाईंच्या अडुसष्टात आठ होता. प्रोग्रॅमने त्यांना घेतलंच नाही.

दुपारी एक शिपाई आला आणि त्यांना वळसा घालून त्याने दारावर कागद चिकटवला. घराला मालक नाही, गुरुवारी सील होईल. शिवणयंत्रावर पाय मारून मारून शालनबाईंनी बांधलेलं घर!

"अहो, चला माझ्याबरोबर. ते शून्य काढायला लावू."

दिगंबरराव आरशासमोर मिशीतले काळे केस बघत होते. "कशाला उगाच? माझे गुडघे सकाळपासून एकदम ठीक आहेत. दोन वर्षांचा तर प्रश्न. सत्तरी लागली की तुझा आठ-नऊ संपतो. होशील परत."

"आणि तोवर?"

"तोवर मी जातो भावाकडे. तू... बघू."

शालनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं या माणसाच्या गुडघ्यांना तेल चोळलं होतं त्यांनी.

त्या एकट्याच कचेरीत गेल्या. कारकून लोणकर सभ्य माणूस होता. नसलेल्या बाईलाही त्याने खुर्ची दिली.

"शून्य काढा," शालनबाई म्हणाल्या.

"रकाना वाकडा होईल, बाई."

"मग तुमचा रकाना घाला चुलीत! मी इथे तुमच्यासमोर बसलेय ना?"

"बसलायत. पण वैध नाही आहात." लोणकरने कान खाजवला. "एक करता येतं. शून्यापुढे एक्स लावला की मोजणी सोळाची होते. तिथे आठ चालतो. पण सहा सोळे शहाण्णव आणि वर आठ. एकशे चार व्हाल."

"घर राहील?"

"मालकीण असाल तर राहीलच."

"लावा."

लोणकरने एक्स लावला. शालनबाईंची पाठ तिथल्या तिथे वाकली, हात सुरकुतले, तोंडात चार दात उरले. राग मात्र होता तेवढाच राहिला. नव्या आकड्याची चार अक्षरं झाल्याने रकाना पुन्हा वाकडा झाला, म्हणून मुख्याधिकाऱ्यांनी बाकी सगळ्यांना आणखी एक शून्य लावलं. आधीच शून्य असलेल्यांना त्याने काही फरक पडला नाही. तानूबाईंच्या शंभराला मात्र पहिल्यांदाच शून्य लागलं आणि आठ आठे चौसष्ट, त्या चौसष्टाच्या होऊन जिना उतरून भाजी आणायला गेल्या. नगरात तेव्हापासून शंभर म्हणजे चौसष्ट.

गुरुवारी शिपाई आला, शालनबाईंना नमस्कार केला आणि कागद काढून घेऊन गेला.

संध्याकाळी दिगंबरराव पिशवी घेऊन परत आले. भावाने ठेवून घेतलं नव्हतं. उंबऱ्यात एकशे चार वर्षांची म्हातारी बसलेली बघून ते घुटमळले, मग रीतीप्रमाणे वाकून तिच्या पाया पडले.

"आत येऊ ना?" त्यांनी विचारलं.

शालनबाईंनी त्यांच्या काळ्याभोर डोक्यावर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याला एकेरी हाक मारली.

"ये, बाळा," त्या म्हणाल्या. "चांगला शंभर वर्षांचा हो."

एकसष्ट वर्षांच्या दिगंबररावांनी चौसष्टापर्यंतची तीन वर्षं मनातल्या मनात मोजली आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.