शिवप्पा मास्तरांची डावी सीट

सोलापुरात बिनटपाची, दोन सीटची, लाल विलायती गाडी एकच होती, आणि तिला सायकली मागं टाकायच्या. सायकलीचं सोडा, बाळीवेशीकडून विजापूर वेशीकडं येताना कडब्याची बैलगाडी तिच्या पुढं निघून गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. गाडीवान मागं वळून म्हणाला, "मास्तर, दोर टाकू का? वडतो की." गाडी चालवणाऱ्या शिवप्पा मास्तरांनी मानही वर केली नाही. त्यांचा एक डोळा रस्त्यावर आणि एक डोळा डाव्या सीटवर. त्या सीटवर ज्वारीचं अर्धं भरलेलं पोतं आडवं निजवलेलं. त्याला धक्का लागू नये म्हणून पळायला जन्मलेली ती गाडी वरातीच्या चालीनं चालली होती.

लोकांना मजा वाटायची. मला वाटत नव्हती, कारण ते पोतं माझ्याकडं निघालेलं असायचं.

मी मोटारीच्या गाद्या भरतो. शाळेचं म्हणाल तर दुसरीत गुरुजींनी कान पिरगाळला, त्या दिवशी पाटी तिथंच ठेवून आलो, ती अजून तिथंच असेल. पण काथ्या, कापूस, स्प्रिंगा आणि रेक्झिन ह्या कामात मला शिकवील असा माणूस जिल्ह्यात जन्मला असेल तर तो मला अजून भेटलेला नाही. मी भरलेल्या गादीवर चहाचा काठोकाठ कप ठेवा, थेंब सांडणार नाही. गादी ताब्यात द्यायच्या आधी मी तसा कप ठेवून दाखवतोच. गिऱ्हाईकाचा चहाही होतो आणि खात्रीही पटते.

माझ्या उस्तादाची एक रीत होती. गिऱ्हाईक खास असलं की ज्वारीचं अर्धं पोतं आडवं पसरायचं आणि त्यावर त्याला बसवायचं. एक चहा पिऊन होईपर्यंत बसायचं, हलायचं नाही. माणूस उठला की ज्वारीत त्याची बैठक उमटते. भार कुठं जास्त, कुठं कमी, टेकू कुठं पाहिजे, सगळं दाणे सांगतात. मग पितळी पट्टीनं ते खड्डे मोजायचे आणि तशी गादी भरायची. मला अक्षर लागत नाही, पण बैठक लागते. हा माणूस पैशाचं पाकीट मागच्या कुठल्या खिशात ठेवतो, ते मी पोत्याकडं बघून सांगतो.

तर हे शिवप्पा मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. मिलमध्ये विणकाम खात्याचे मास्तर होते. मिलचा गोरा इंजिनेर गाव सोडून जाताना ही गाडी त्यांच्या गळ्यात घालून गेला. तेव्हापासून वीस वर्षं मास्तर ती चालवत होते. चैताच्या उन्हात डोक्यावर माकडटोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. गाडीत शेजारी कुणाला बसवायचं नाही म्हणजे नाही. एकदा फौजदारानं हात केला, तर मास्तर थांबले, नमस्कार केला आणि त्याला तिथंच सोडून पुढं गेले.

त्यांच्या तोंडात एकच माप. अर्धं सूत. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सूत, आमच्याकडं सुतार आणि गवंडी त्यानंच मोजतात. मास्तर जगच त्यानं मोजायचे. आमटी तोंडात घातली की, "मीट अर्धं सूत जास्ती." कुणाच्या पोरासाठी मुलगी बघायला गेले तर, "पोरगी झ्याक हाय, पण नाक अर्धं सूत आत हाय." त्यांच्यामुळं दोन सोयरिकी मोडल्या, असं बाळीवेशीत म्हणतात.

एके दिवशी सकाळी दुकानापुढं गाडी लावून आले आणि म्हणाले, "गादीवाले, डावी सीट काडून टाका. नवी पायजे."

मी गाडीत डोकावलो. डावी सीट जुनी होती, पण धड होती. उजवी, म्हणजे मास्तरांची स्वतःची, तिची स्प्रिंग वर आलेली. त्यावर चादरीची घडी टाकून ते बसत होते.

मी म्हटलं, "मास्तर, उजवी आधी करू या. ती टोचत आसंल."

"तिला काय धाड भरलीय? मी तिला वळखतो, ती मला वळखती. डावीचं बोला. एक माणूस बसणार हाय. एकदाच बसणार. दुकलं तर परत बसणार न्हाई. पैल्या बैठकीला जमलं पायजे."

"कोण माणूस?"

"तुमाला सीट करायचीय का सोयरीक?"

"बरं, त्या माणसाला आणा हितं. पोत्यावर बसवतो."

"त्ये हितं येणार न्हाई. पोतं द्या, मी घरी नेतो."

पोतं घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी बैठक उमटवून आणलं. बघतो तर माणूस हडकुळा, लहान चणीचा. पण भार सगळा उजवीकडं. उजवीकडं ओंजळभर खड्डा आणि डावीकडं दाणे नुसते बोटानं शिवल्यासारखे दबलेले. असा कोण बसतो? मी म्हटलं, येताना गाडी कलली, ज्वारी सरकली. मी मनानंच दोन्ही बाजू सारख्या केल्या, अशी सीट भरली की मला माझाच अभिमान वाटावा. कप ठेवून दाखवला. थेंब सांडला नाही.

मास्तरांनी चहा पिला, सीटवर हात फिरवला आणि म्हणाले, "उजवीकडं अर्धं सूत उतार पायजे."

"उतार कशाला? गादी हाय का घराचं पत्र्याचं छप्पर?"

"आणि डावीकडं मऊ पायजे. लई मऊ."

"मास्तर, चाळीस वरसं झाली, ह्या हातानं वाकडी गादी केली न्हाई. तुमची ज्वारी वाटंत सरकली. गाडी हळू आणा."

इथं चुकलं. मी हळू म्हणालो आणि त्यांनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून ती लाल गाडी बैलगाडीच्या मागं चालायला लागली. दर आठवड्याला पोतं यायचं, आणि दर वेळी बैठक तीच, उजवीकडं कललेली. दर वेळी मी म्हणायचो, सरकली. दर वेळी सरळ सीट भरायचो. दर वेळी ते हात फिरवायचे आणि म्हणायचे, "अर्धं सूत." मी सीट उसवायचो, भरायचो, पुन्हा उसवायचो. तीन ट्रकवाले माझ्या नावानं शिव्या देऊन दुसरीकडं गेले.

गावाला तर विषयच मिळाला. तो माणूस कोण? पानवाला म्हणाला, मुंबईचा कुणी शेट येणार असंल. आमची मंडळी घरात भाकरी थापता थापता म्हणाली, "शेट कशाचा? मास्तरांनी ह्या वयात कुणाला तरी धरलंय. बिचारी त्यांची बायकू गंगव्वा तीन वरसं झाली उंबऱ्याभाईर दिसली न्हाई. तिला एक दिवस बसवलं का त्या गाडीत?"

"तीच बसत नव्हती की. उघड्या गाडीत नवऱ्याच्या शेजारी बसून गावभर हिंडायला मी काय जत्रंतला पाळणा हाय का, म्हणायची. तूच सांगितलंवतंस मला."

"तेच सांगते. तिचा फायदा घेतला," असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर अशी आपटली की जणू मास्तर मीच होतो.

सातवं पोतं आलं त्या दिवशी माझं डोकं गेलं. मी सीट उचलली, पोतं उचललं, दोन्ही त्यांच्या गाडीत ठेवलं आणि म्हटलं, "मास्तर, गावात दुसरे गादीवाले हायेत. वाकडं काम करणारे तर लई हायेत. तिकडं जावा."

मला वाटलं, भांडतील. भांडले नाहीत. चष्मा वर केला, डोळे पुसले, उन्हानं असेल, आणि हळू आवाजात म्हणाले, "दुसऱ्याचं काम बगितलंय मी. तुमच्यावाणी हात कुणाचा न्हाई. म्हणून तर आलो." आणि गेले.

गेले ते गेले, सीट मोजता मोजता माझी पितळी पट्टी खिशात घालून गेले. ती उस्तादाची पट्टी. दुसरं काही असतं तर मी सोडलं असतं. दुपारी जेवण अर्धं टाकून मी तडक बाळीवेशीत गेलो. मनात चार कडक वाक्यं तयार करून गेलो होतो.

दार उघडंच होतं. सोप्यात एका बाजल्यावर ज्वारीचं पोतं आडवं पसरलेलं आणि त्यावर गंगव्वा बसलेली, हातात चहाचा कप. तिच्या उजव्या अंगाला स्टुलावर मास्तर. डोक्यावर माकडटोपी, हातात कणकेची परात. ती परात ते स्टेअरिंगसारखी हळूहळू वळवत होते.

"आता कंबर तलावाचं वळण आलं," मास्तर सांगत होते. "नीट धरून बस."

"मगापासनं वळणच चाललंय. तलाव कवा येणार? च्या गार झाला," गंगव्वा म्हणाली, आणि तेवढ्यात तिनं मला पाहिलं. पदर सावरला आणि हसली. "या भावजी. तुमीबी बसा गाडीत. मागं जागा न्हाई म्हनं तिला."

मास्तरांनी परात मांडीवरून खाली ठेवली. चोरी पकडल्यासारखे उठले आणि चहा टाकतो म्हणून आत गेले.

गंगव्वा म्हणाली, "लई तरास दिला न्हवं तुमाला? मला चाळीस वरसं देतोय ह्यो माणूस. तीन वरसांमागं अंगणात पडले. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. जुळलं, पर आपल्या मर्जीनं जुळलं. त्या अंगावर भार देता येत न्हाई. बसले की कलून बसते. टांग्यात न्हाई, यष्टीत न्हाई, निस्तं ह्या बाजल्यावर."

"आणि गाडीत?"

"वीस वरसं म्हणत हुते, बस. मी म्हणायची, लोकं बगतील. आता मलाच लोकं बगाया मिळंनात. म्हणून एक दिवस म्हटलं, बसते एक डाव. तवापासनं ह्ये असं चाललंय." आतल्या दाराकडं बघून तिनं आवाज खाली आणला. "दुकलं तर परत बसणार न्हाई म्हणून सांगितलंय. उगंच. भ्या घातलं की काम नीट करत्यात."

"सात डाव पोत्यावर बसलाव. दुकत न्हाई?"

"दुकतं की. लई दुकतं. पर त्यास्नी सांगू नगा. पोत्यावर बसलं की ते शेजारी बसत्यात, च्या देत्यात, सगळ्या गावाची वळणं दावत्यात. एरवी कुटं एवडं बोलतंय ते माणूस."

मास्तर चहा घेऊन आले. तिला धरून त्यांनी बाजल्याच्या दुसऱ्या टोकाला निजवलं. पोतं मोकळं झालं. मी वाकून बघितलं. उजवीकडं ओंजळभर खड्डा, डावीकडं दाणे नुसते शिवलेले. ही बैठक कुठल्या गाडीतून आली नव्हती. सरकली नव्हती. सात वेळा दाण्यांनी मला खरं तेच सांगितलं होतं आणि सात वेळा मी, बैठक वाचणारा माणूस, त्यांची चूक दुरुस्त करत बसलो होतो.

तयार केलेली चार वाक्यं मी चहाबरोबर गिळली. पट्टी मागितली आणि तिथंच बसून माप घेतलं. जाताना मास्तरांना एवढंच म्हटलं, "सीट परत द्या. आणि अर्ध्या सुतानं भागत न्हाई. पाऊण पायजे."

मास्तर म्हणाले, "बगा, तुमीच बगा."

तीन दिवस मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. उजवीकडं उतार दिला, काथ्या घट्ट भरला. डावीकडं नुकता पिंजलेला कापूस, असा की हात ठेवला तर ठेवलाय हे कळू नये. झाल्यावर सवयीनं कप ठेवला. सगळा चहा रेक्झिनवर ओघळला. मी तो पुसला आणि सीट घेऊन गेलो.

गंगव्वाला मी आणि मास्तरांनी खुर्चीसकट उचलून गाडीपर्यंत आणलं. गल्ली दारात उभी होती. त्यात आमची मंडळीही होती, मुद्दाम आली होती. गंगव्वा सीटवर टेकली. मास्तर श्वास धरून उभे, मीही. चाळीस वर्षांत गिऱ्हाईक बसताना मी कधी भ्यालो नव्हतो. तिनं जरा अंग सोडलं, पाठ टेकली, पदर डोक्यावरून घेतला आणि समोर बघत म्हणाली, "चला की. काय मुहूर्त बगायचाय?"

गाडी निघाली. दोन महिन्यांची सवय, मास्तरांनी तीच पोत्याची चाल धरली. कोपऱ्यापर्यंत पोरं चालत बरोबर गेली. तिथून गंगव्वाचा आवाज गल्लीभर आला, "अहो, मी काय पोतं हाय व्हय? जरा जोरात घ्या."

त्यानंतर गाडीचा जो आवाज झाला तो बाळीवेशीनं वीस वर्षांत ऐकला नव्हता.

तासाभरानं परत आले. गंगव्वाच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, तोंड धुळीनं माखलेलं. मी विचारलं, "वैनी, कशी झाली सीट?"

"बरी हाय. पर उजवीकडं अर्धं सूत जास्ती झालं."

मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं की मी तोंड फिरवलं.

पुढच्या आठवड्यात मी मास्तरांना म्हटलं, आता तुमची सीट. ते नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. दुकानात पोतं पसरलं, बसवलं, चहा हातात दिला. चहा संपला, ते उठले, पैजेवर सांगायला लागले की माझी बैठक सरळ हाय, मिलमध्ये तीस वरसं ताठ उभा होतो.

मी दाण्यांकडं बघितलं. खड्डा सगळा डावीकडं. उजवीकडं दाणे नुसते शिवलेले. ह्या माणसाचं हाड मोडलं नव्हतं, पाठीत काही नव्हतं. तीन वर्षं एका बाजल्याशेजारी, डावा कान पुढं करून बसलेला माणूस होता तो.

मी पितळी पट्टी उचलली. न सांगता, न विचारता डावीकडं अर्धं सूत उतार दिला. मास्तर बसले, इकडं तिकडं हलले आणि म्हणाले, "बगा, एका दमात जमली. सरळ काम आसलं की आसं आसतंय."

त्या गाडीच्या दोन्ही सीटा आता एकमेकींकडं कललेल्या आहेत. परवा विजापूर वेशीतला दुसरा गादीवाला त्या बघून माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "म्हातारबा, डोळं गेलं का तुमचं? कप ठेवून बगितला न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "व्हय, गेलं डोळं. च्या घेणार का?"