आत्याची उरलेली दोन प्रकरणं

संस्था काढणं हे सोम्यागोम्याचं काम नाही! त्याला दूरदृष्टी लागते, माणसं जोडायची हातोटी लागते आणि आवाजात वजन लागतं. या तिन्ही गोष्टी माझ्याकडे जन्मापासून आहेत, असं मी एका सकाळी बायकोला ठणकावून सांगितलं. ती तेव्हा मिक्सरचं झाकण शोधत होती.

"आवाजाचं माहितीये मला," ती म्हणाली. "झाकण कुठे ठेवलंत ते सांगा."

मोठ्या माणसांना घरात कोणी विचारत नाही, हे तेव्हाच मी ओळखलं.

विषय आमच्या आत्याचा होता. ही माझ्या वडिलांची बहीण. आमच्याकडेच राहते आणि उभा जन्म तिने पुस्तकं वाचण्यात घालवलाय. पण हल्ली तिला अक्षरं पुसट दिसायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आजी, आता नंबर वाढवून उपयोग नाही. वाचन बंद!" आणि हे कधी सांगितलं? तर खुनाच्या कादंबरीची शेवटची दोन प्रकरणं उरलेली असताना! प्रेत सापडलेलं, बंगल्याची दारं आतून बंद, संशयित सगळे दिवाणखान्यात जमलेले आणि आत्याचा चष्मा निकामी!

"अरे राजा, तेवढं वाचून दाखव ना," आत्या म्हणाली. "जिवाला नुसती हुरहुर लागलीये. माझा त्या माळ्यावर संशय आहे."

दुसरा कोणी असता तर त्याने पुस्तक उचललं असतं आणि वाचून मोकळा झाला असता. मी मोठा विचार केला! म्हटलं, अशा कितीतरी आत्या घरोघरी अडकून पडल्या असतील. त्यांना वाचून दाखवायला संस्थाच हवी!

"अहो, संस्था कशाला? दोन प्रकरणं वाचा की!" बायको म्हणाली.

"हा एका आत्याचा प्रश्न नाही, समाजाचा प्रश्न आहे!" मी म्हणालो आणि फोनकडे वळलो.

नोंदणीसाठी आधी माणसं लागतात. मी मेहुण्याला बोलावलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. उत्साह भरपूर, उद्योग काही नाही. तो म्हणाला, "भावोजी, येतो. पण अध्यक्ष मी!" शेजारच्या हिशेबनीसकाकांना विचारलं. ते निवृत्त झाल्यापासून कोणाच्या तरी हिशेबात चूक काढायला आसुसलेले असतात. तेही म्हणाले, "अध्यक्षपद देत असाल तर बोला!" सासरेबुवांना पद नको होतं. त्यांनी फक्त, सभेला खायला काय असतं, एवढंच विचारलं.

मग रोज संध्याकाळी आमच्याकडे सभा! हिशेबनीसकाकांनी संस्थेची घटना लिहायला घेतली. अध्यक्ष आजारी पडल्यास काय, बेपत्ता झाल्यास काय, अध्यक्षाने अध्यक्षावरच अविश्वास दाखवल्यास काय, सगळी कलमं तयार! मेहुण्याने बोधचिन्ह काढलं: उघडं पुस्तक आणि त्यावर चष्मा. बघणाऱ्याला मात्र ती गादीवर आडवी पडलेली सायकल वाटायची.

अधूनमधून आत्या दारात येऊन विचारायची, "झाली का रे संस्था?"

"होतेय, होतेय!" आम्ही एका सुरात म्हणायचो. आणि ती बिचारी परत जाऊन माळ्याचा विचार करत बसायची.

आता राहिलं पाठबळ. नव्या संस्थांना मदत करणाऱ्या एका ट्रस्टचा पत्ता मी काढला, फोन लावला आणि आवाजात होतं नव्हतं ते सगळं वजन टाकून बोललो. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "छान. गुरुवारी येते. तुमचं चालू काम बघायला."

मी फोन ठेवला. चालू काम? आमच्याकडे घटना होती, सायकल होती, काम कुठे होतं!

"त्यात काय!" मेहुणा म्हणाला. "कार्यकारिणीच लाभार्थी! सगळ्यांनी काळे चष्मे लावायचे आणि ओळीत बसायचं. आत्या तर खरीच आहे!"

मला हे पटलं नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो. पण दुसरं काही सुचलंही नाही.

गुरुवारी दिवाणखान्यात काय थाट होता म्हणून सांगू! सासरेबुवा उन्हाचा काळा चष्मा लावून मधोमध बसले. मेहुण्याने मोटारसायकलवर लावायचा चकचकीत चष्मा आणला. त्यात समोरच्याला आपलंच तोंड दिसायचं. हिशेबनीसकाकांना काहीच मिळेना, तेव्हा ते नातवाचा पोहायचा चष्मा लावून आले. कोपऱ्यातल्या खुर्चीत आत्या. तिचं पुस्तक आदल्या दिवसापासून सापडत नव्हतं, म्हणून ती रुसली होती. माझं तिकडे लक्ष कुठलं? मी प्रोजेक्टर आणला होता. त्याचं चित्र भिंतीच्या खालच्या पट्टीवरच पडत होतं, म्हणून हाताला लागलं ते जाड पुस्तक मी त्याच्या पुढच्या पायाखाली सारलं होतं.

ट्रस्टच्या बाई आल्या. बारीक चणीच्या, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली आणि पोहण्याच्या चष्म्यापाशी ती जरा अडखळली.

"आजोबा, तुम्हाला किती दिसतं?" त्यांनी सासरेबुवांना विचारलं.

"अजिबात नाही!" सासरेबुवा म्हणाले आणि बशीतल्या साध्या बिस्किटांतून मलईचं एकुलतं एक बिस्कीट अचूक उचललं.

मी घाईघाईने भिंतीवर माझा फोटो लावला. "संस्थापकाची भूमिका!" अशी सुरुवात केली, तोच बाई कानाशी हात नेत म्हणाल्या, "अरेच्चा! माझ्या कानातल्याची फिरकी पडली वाटतं."

झालं! मुगाएवढी ती फिरकी! पण तिन्ही लाभार्थी एकदम जमिनीवर!

"ती बघा, टेबलाच्या पायाशी!" सासरेबुवा ओरडले.

"नाही, पलीकडे घरंगळली! पायपुसण्याच्या कडेला!" हिशेबनीसकाका.

"सापडली!" मेहुण्याने ती चिमटीत धरून वर केली आणि वर म्हणाला, "पॉलिश उडालंय हो जरा हिचं!"

मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं होईल! कोपऱ्यातून आत्याचा आवाज आला, "काय पडलं गं बाई? कोणी मला सांगेल का?"

बाई उठून आत्याजवळ गेल्या. "आजी, तुम्हाला कोण वाचून दाखवतं?"

"अजून कोणी नाही," आत्या म्हणाली. "आमच्याकडे संस्था निघतेय ना, त्यामुळे कोणालाच वेळ नसतो. आणि आता तर पुस्तकच हरवलंय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता हो! असता तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायको पुढे झाली. तिने प्रोजेक्टर उचलला आणि खालचं पुस्तक ओढून काढलं. माझा फोटो भिंतीवरून घसरला आणि सासरेबुवांच्या पोटावर जाऊन बसला. बाईंनी पुस्तक घेतलं, आत्याला पान विचारलं आणि वाचायला सुरुवात केली.

आणि काय वाचलं त्यांनी! कोणी हललं नाही. सासरेबुवांच्या हातातलं बिस्कीट तसंच राहिलं. मी आत्याच्या तोंडाकडे बघत होतो. किती दिवसांनी ते असं फुललं होतं! एवढंसं तर मागत होती ती माझ्याकडे. खुनी निघाली बंगल्याची मालकीण, आणि आत्याने टाळी वाजवली.

"तरी मला पहिल्यापासून वाटतच होतं!"

"आत्या, तू माळी म्हणत होतीस!"

"ते तुम्हाला चकवायला!"

बाईंनी पुस्तक मिटलं. मी खाकरून म्हणालो, "मग आमच्या पाठबळाचं काय?"

"खुर्ची आहे, दिवा आहे, ऐकणारं माणूस आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे कमी आहे ती फक्त वाचणाऱ्याची. तो शोधा. पुस्तकं ट्रस्ट पुरवेल. अशाच काही आज्या माझ्या माहितीत आहेत, त्यांनाही पाठवते. आणि आजी, अध्यक्ष तुम्ही व्हा!"

अध्यक्षपदाचा वाद असा एका फटक्यात मिटला. पोहायचा चष्मा कपाळावर सरकवून हिशेबनीसकाकांनी अनुमोदनसुद्धा दिलं!

संस्था आता धडाक्यात चाललीये. वाचणाऱ्यांची परीक्षा अध्यक्षीणबाई स्वतः घेतात. बायको पहिल्याच फेरीत पास झाली. ती प्रत्येक पात्राचा वेगळा आवाज काढते. मेहुणा खलनायकाच्या हसण्यावर निवडला गेला. मी मोठ्या ऐटीत खुर्चीत बसलो, आवाजात वजन आणलं आणि अर्धं पान वाचलं.

"थांब रे राजा," आत्या म्हणाली. "खुनी सुरा घेऊन दारात उभा आहे आणि तू विजेचं बिल वाचतोयस!"

सध्या माझं नाव राखीव यादीत आहे. माझ्या वर हिशेबनीसकाका आहेत. त्यांचा घसा बसलाय, तोंडातून शब्द फुटत नाही. पण तरीही ते माझ्यापेक्षा बरे, असं अध्यक्षीणबाईंचं म्हणणं आहे!